बॅटरी रात्रीतून जाते कुठं? पालमची एक जीप आणि शंभर वर्षांचं वायरिंग

(एपिसोडचं लेखी रूप. मधले हॉर्न आणि माझा खोकला काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच आहे.)

आज राजा नाही, लढाई नाही, किल्ला नाही. आज इतिहास आहे एका जुन्या जीपच्या बॅटरीचा. हसू नका. तुमच्या घरी दहा-पंधरा वर्षांची गाडी उभी असेल आणि सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ होत असेल, तर हा एपिसोड तुमच्यासाठीच आहे.

माझं आजोळ पालम. परभणी जिल्ह्यातलं, गंगाखेड आणि लोहा यांच्या मधलं तालुक्याचं गाव. रेल्वे पकडायची तर गंगाखेड गाठायचं, आणि गंगाखेड गाठायचं तर एसटी नाहीतर जीप. माझ्या मामाची अशी एक सेकंडहँड डिझेल जीप होती, काळी-पिवळी. मी तेव्हा सातवीत होतो. मागं सहा, मधे चार, पुढं तीन आणि टपावर गाठोडी, असा हिशोब.

त्या जीपला एक खोड लागली. रोज धंद्यावर गेली की सकाळी बरोबर सेल्फ घ्यायची. पण एक दिवस जरी दारात उभी राहिली, की दुसऱ्या सकाळी मेलेली. मामा उतार बघून गाडी लावायला लागला. जुन्या डिझेल इंजिनाचं एक बरं असतं, एकदा चालू झालं की त्याला चालायला करंट लागत नाही. करंट लागतो तो सेल्फ फिरवायला. म्हणून उतार, चार माणसं आणि धक्का.

दुकानदार म्हणाला, बॅटरी गेली. मामानं नवी घेतली. चार-पाच महिन्यांत तीही गेली. मग मामानं गुन्हेगार शोधला, जीपचा क्लीनर. विशीतला पोरगा. हाच रात्री आतला लाइट चालू ठेवून झोपतो, असं ठरलं. तो म्हणत राहिला, “मालक, आईशप्पथ, मी बंद केला होता.” मामानं त्याच्या पगारातून पैसे कापले.

हे इथंच थांबवतो. आता तुम्हाला मागं नेतो, कारण ती बॅटरी कुठं जात होती हे कळायला गाडीत बॅटरी आली कशी हे माहीत हवं.

सुरुवातीच्या अनेक मोटारींना बॅटरीवाचून अडत नसे. ठिणगी पाडायला मॅग्नेटो असायचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणारं चुंबकाचं यंत्र. १९०८ ला आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये तो चक्क फ्लायव्हीलमध्येच बसवलेला होता. आपल्याकडच्या बजाज चेतकसारख्या जुन्या स्कूटर आठवा. गाडी रेस केली की हेडलाइट झगझगीत, रेस सोडली की मिणमिणता. ती वीज थेट इंजिनातून येत होती. मागं बॅटरीचा साठा असता तर उजेड असा वरखाली झाला नसता.

पण इंजिन चालू करायला हँडल मारावं लागे. तुमच्या आजोबांना विचारा, हँडल मारताना अंगठा कुठं ठेवायचा. अंगठा बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळून धरायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि अंगठा मोडतो. या हँडलवर उपाय निघाला अमेरिकेत. चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसून बाजारात आला. हात वाचले, पण त्या दिवसापासून गाडी बॅटरीची ताबेदार झाली.

बॅटरी मात्र त्याआधीच तयार होती. शिसं आणि सल्फ्युरिक ॲसिडची, पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्येच बनवली होती. म्हणजे १८५७ च्या उठावानंतर दोनच वर्षांनी. तुमच्या गाडीत आज जी बसलीय ती तिचीच वंशज. प्लेटा शिशाच्या, पाणी ॲसिडचं. दीडशेहून जास्त वर्षं झाली, मूळ रसायन तेच.

आता खरी अडचण. बॅटरी रोज भरायची कशी? इंजिनाला पट्ट्यानं डायनामो जोडला. इंजिन फिरलं, डायनामो फिरला, बॅटरी भरली. छान. पण इंजिन बंद केल्यावर काय? डायनामो आणि मोटर ही एकाच घराण्यातली यंत्रं. डायनामो फिरवला की वीज मिळते, आणि डायनामोला वीज दिली की तो फिरायला बघतो. म्हणजे इंजिन बंद झाल्याबरोबर बॅटरी उलट डायनामोतच रिकामी व्हायला लागणार. विहिरीवरची मोटर बंद केल्यावर फूटवॉल्व्ह खराब असेल तर पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं ना, अगदी तसं.

म्हणून मधे एक दार बसवलं. त्याचं नाव कटआउट. लोखंडाच्या गाभ्यावर तारेचे वेढे आणि समोर दोन पॉइंट. डायनामो पुरेसा फिरला की पॉइंट चिकटणार, थांबला की सुटणार. एकाच बाजूला उघडणारं दार. या दाराचं नाव लक्षात ठेवा. नंतर नाव बदलतं, दुखणं तेच राहतं.

कटआउटचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले की रात्रभरात बॅटरी साफ. वायर तापून वास यायचा तो वेगळाच. जुने ड्रायव्हर घरी गेल्यावर बॅटरीचं एक टर्मिनल काढून ठेवायचे, त्यातलं हे एक कारण. आपण त्याला खुळी सवय समजतो.

आपल्या भागात या सगळ्याची गाठ पडली ती बसमुळे. पालम तेव्हा निजामाच्या राज्यात. हैदराबाद संस्थानानं १९३२ साली सरकारी बससेवा सुरू केली, २७ बस आणि १६६ कर्मचारी घेऊन. बस होत्या स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरातल्या अल्बिअन कंपनीच्या. आपली एसटी यायला अजून १६ वर्षं होती, पुणे ते अहमदनगर ही पहिली बस सुटली १ जून १९४८ ला. आणि त्या तारखेला मराठवाडा भारतात सामीलही झालेला नव्हता, ते झालं १७ सप्टेंबरला. म्हणजे सरकारी बस आपल्याकडं स्वातंत्र्याच्या आधी येऊन बसली होती. एसटीचा वाढदिवस साजरा करताना आपण हे विसरतो, असं माझं मत.

त्या काळच्या मोटारी डायनामोवर चालायच्या, आणि डायनामोचा एक दोष होता. इंजिन हळू फिरलं की तो जवळजवळ काहीच देत नसे. खड्ड्यांचा रस्ता, पहिला-दुसरा गिअर, रात्रीचे दिवे चालू. गाडी चालतीय पण बॅटरी उतरतीय. म्हणून डॅशबोर्डवर ॲमीटर असायचा. काटा मधे. उजवीकडं गेला तर बॅटरीत जमा, डावीकडं गेला तर खर्च. बँकेचं पासबुकच ते. पुढं कंपन्यांनी तो काटा काढला आणि त्या जागी एक लाल बल्ब दिला. स्वस्त पडतो म्हणून. माझ्या मते गाडीच्या डॅशबोर्डवरचा सगळ्यात वाईट सौदा तो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. घरातल्या बल्बला दोन वायरी लागतात, गाडीतल्या बल्बला बहुतेक वेळा एकच. परतीची वाट गाडीचं लोखंड. चेसिस, बॉडी, इंजिन, सगळं मिळून दुसरी वायर. तांबं वाचतं, पण मग प्रत्येक गंजलेला नट हा वायरिंगचाच भाग होतो.

यात एक गंमत आहे. आज बॅटरीचं मायनस बॉडीला जोडतात. पण साधारण १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत कितीतरी ब्रिटिश गाड्यांमध्ये प्लस बॉडीला असायचं. उलट दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन विलीज जीप मायनस बॉडीवाली, आणि तीही १२ नव्हे, ६ व्होल्टची. याच विलीजच्या जीपगाड्या महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जोडायला घेतल्या. म्हणजे एकाच गॅरेजात एक गाडी सुलटी, एक उलटी. ज्यानं न बघता बॅटरी जोडली त्याचं नुकसान ठरलेलं. आजही कुणी हौशीनं जुनी ब्रिटिश गाडी घेतली असेल तर त्यात नवा टेप किंवा मोबाइल चार्जर जोडण्याआधी बॉडीला प्लस आहे की मायनस, ते बघा.

अर्थिंग आपल्याकडं खराब का होतं? काळी माती. पावसाळ्यात चेसिसला चिखल बसतो, तो ओल धरून ठेवतो, आणि बॅटरीपासून चेसिसला आणि इंजिनाला जाणारी जी जाड पट्टी असते तिच्या नटाखाली गंज चढतो. थोडा गंज किती नुकसान करतो ते बघा. सेल्फ ओढतो २०० अँपिअर. नटाखाली अडथळा फक्त ०.०१ ओहम. दोन्हींचा गुणाकार करा, २ व्होल्ट तिथंच खलास. बॅटरी चांगली, सेल्फ चांगला, आणि सेल्फपर्यंत पोचतात दहाच. हेडलाइट झगझगीत आणि सेल्फ नुसता ‘टक’ करतो, तेव्हा पहिला संशय या पट्टीवर घ्यायचा. मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर पट्टी काढा, पॉलिशपेपरनं घासा, आवळा. खर्च शून्य.

मल्टिमीटर म्हटलं की एक आठवलं. वर्कशॉप आणि आयटीआयच्या टेबलावर मोटवाने नावाचा मीटर बघितलाय? नाशिकरोडची कंपनी. याच मोटवाने घराण्यातल्या नानिक मोटवाने यांनी ‘शिकागो रेडिओ’ या नावानं स्वातंत्र्य चळवळीत काँग्रेसच्या सभांना लाउडस्पीकर पुरवले होते. म्हणजे गांधीजींचा आवाज गर्दीपर्यंत पोचवणारं घराणं आणि तुमच्या बॅटरीचे व्होल्ट सांगणारं घराणं एकच. विषयाशी संबंध थोडाच, पण राहवलं नाही.

असो. डायनामोची जागा घेतली आल्टरनेटरनं. १९६० च्या क्रायसलर व्हॅलिअंटमध्ये तो सरसकट दिला गेला, मग जगभर पसरला. भारतात मद्रासजवळ पाडीला लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये उभी राहिली, आणि अनेक भारतीय गाड्यांच्या सेल्फवर, आल्टरनेटरवर तेच नाव दिसायला लागलं. डायनामो मात्र आपल्याकडं पुढंही बरीच वर्षं टिकला. आल्टरनेटर हळू इंजिनावरही चार्ज करतो, हा त्याचा मोठा फायदा. आणि त्याला कटआउट लागत नाही. त्याच्या पोटात सिलिकॉनचे डायोड असतात, ते करंट एकाच दिशेनं सोडतात. म्हणजे तेच दार, फक्त हलणारा पॉइंट नाही, ठिणगी नाही, आवाज नाही.

आवाज नाही, हेच मामाला नडलं.

क्लीनरचे पैसे कापून झाल्यावर पंधरा दिवसांनी जीप पुन्हा मेली, आणि त्या रात्री क्लीनर गावातच नव्हता. तेव्हा मामा गंगाखेडच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन आला. हयात बसगाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेला माणूस. त्यांनी आल्या आल्या किल्ली मागितली नाही, बॅटरीकडंही बघितलं नाही. थंडीतली पहाट, गाडी आदल्या दिवसापासून उभी. त्यांनी बॉनेट उघडलं आणि हाताचा तळवा आल्टरनेटरवर ठेवला.

“इकडं या, हात लावून बघा,” म्हणाले.

कोमट होता. बाकी इंजिन गारठलेलं आणि तेवढा एक कोमट. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आल्टरनेटरच्या मागच्या बाजूला नेलं, ते हलकेच ओढलं गेलं. चुंबक. बंद गाडीत, किल्ली खिशात असताना.

“मालक, तुमची बॅटरी चोरीला जाऊ लाली. पण चोर घरातलाच हाय.”

मग पिशवीतून निघाला इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन वायरी डाग दिलेल्या. बॅटरीचं मायनस टर्मिनल सोडवलं, आणि खुंटी व सुटलेलं टर्मिनल यांच्या मधे बल्ब लावला. सगळं बंद असताना बल्ब पेटायला नको. तो पिवळा पेटला. आता एकेक फ्यूज काढायचा. काढला, बल्ब तसाच. दुसरा, तसाच. शेवटी आल्टरनेटरची जाड वायर मोकळी केली आणि बल्ब विझला. मला ते दृश्य आजही दिसतं, कारण त्या वेळी मामानं माझ्याकडं बघितलं नाही, क्लीनरकडं बघितलं.

झालं काय होतं? एक डायोड आतून शॉर्ट झालेला. करंट उलट्या वाटेनं आत शिरत होता आणि फील्ड कॉइल, म्हणजे आल्टरनेटरच्या फिरत्या भागाला चुंबक बनवणारी तारेची गुंडाळी, रात्रभर चालू ठेवत होता. म्हणून कोमट, म्हणून चुंबक. अशी गळती दोन अँपिअर धरा. बॅटरी ७५ अँपिअर-अवरची. एका रात्रीचे बारा तास म्हणजे २४ गेले, ५१ उरले, सेल्फ लागतो, आणि दिवसभरात पुन्हा भरते. पण एक दिवस आणि दोन रात्री उभी राहिली की ३६ तास, ७२ गेले. मेली. खोडीचं सगळं गणित हे एवढंच होतं, आणि आम्ही पोराला चोर ठरवलं होतं.

दुकानदार खोटं बोलला होता का? नाही. बॅटरी खरंच खराब झालेली होती. शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. त्यात परभणीचा उन्हाळा, आणि पाणी कमी झालं की डिस्टिल्ड वॉटरऐवजी बोअरचं पाणी ओतणारे आपण. पण बॅटरी मेली हे कळणं वेगळं आणि ती कुणी मारली हे कळणं वेगळं. शिवाय जुनी बॅटरी परत देऊन नवीवर सूट मिळते. २००१ च्या बॅटरी नियमांनी विक्रेत्यांवर जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी टाकली, आणि ते चांगलंच झालं, कारण उघड्यावर वितळवलेलं शिसं लेकरांच्या अंगात जातं. फक्त त्यामुळं बदलणं सोपं झालं आणि शोधणं मागं पडलं.

आणि तो डॅशबोर्डवरचा लाल बल्ब? मामाच्या जीपमध्ये तो कधीचाच उडालेला होता. म्हाताऱ्यांनी तोही बदलला आणि थोडे रागावले. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच आल्टरनेटरच्या फील्डला पहिला करंट मिळतो, बल्ब गेला तर आल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही. मामाच्या जीपमध्ये चार्जिंग चालू राहिलं ते त्या गळक्या डायोडमुळंच. आणि बल्ब चांगला असता तर रात्री किल्ली काढल्यावरही तो मंद पेटलेला दिसला असता. एवढ्याशा बल्बनं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

तुमच्या गाडीचं काय? डायोड अजूनही जातात, पण आता गळतीची भोकं वाढलीत. बाहेरून बसवलेला टेप, अलार्म, जीपीएस, डॅशकॅम, कायम खोचून ठेवलेला चार्जर. चांगल्या गाडीची उभ्या अवस्थेतली गळती साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असते. तरी महिनाभर उभी ठेवली तर ३६ अँपिअर-अवर जातात, म्हणजे छोट्या कारची बॅटरी जवळजवळ संपलीच. आतला ५ वॅटचा दिवा रात्रंदिवस चालू राहिला तर रोजचे दहा. म्हणजे मामाचा संशय अगदीच हवेत नव्हता, फक्त तपासलेला नव्हता.

बल्बची युक्ती आजही चालते, पण जरा जपून. नव्या गाडीत कॉम्प्युटर असतात, गाडी बंद केल्यावर ते झोपायला अर्धा-पाऊण तास घेतात, तेवढं थांबा. दार उघडंच ठेवायचं असेल तर दाराचा खटका दाबून ठेवा, नाहीतर आतल्या दिव्यालाच चोर समजाल. बल्बऐवजी मल्टिमीटर लावला असेल तर तो १० अँपिअरच्या भोकात लावा आणि तो लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आणि त्याआधी साधं माप घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू करून १३.८ ते १४.४ दिसलं तर चार्जिंग ठीक. हे दोन आकडे घेतल्याशिवाय कुणी बॅटरी बदला म्हणालं, तर आधी मीटर लावा म्हणा.

डायोडची प्लेट बदलली, बॅटरीच्या मानानं किरकोळ पैशात. जीप त्यानंतर आणखी सहा वर्षं मामाकडं होती. क्लीनर मात्र पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या गाडीवर गेला. मामानं माफी मागितली नाही. कापलेले पैसे मात्र त्याच्या घरी नेऊन दिले, आईच्या हातात. मी सोबत होतो. तिनं मोजले नाहीत, चहा ठेवला.

दोन वायरींचा तो बल्ब म्हाताऱ्यांनी जाताना मामाला देऊन टाकला. अजून घरात आहे, देवळीत, टॉर्चच्या शेजारी.

तुमच्या घरात हँडल मारलेलं, डायनामोचा काटा बघत गाडी चालवलेलं कुणी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. दोन मिनिटांची व्हॉइस नोट पुरे. पुढच्या भागात लावू.